राजीखुशीने

"बाबांचा हात थरथरतो. मी धरतो, म्हणजे सही नीट येईल," मुलगा म्हणाला आणि वडिलांच्या बोटांत पेन अडकवू लागला.

"हात धरता येत नाही," नोटरीबाई म्हणाल्या.

"मग अंगठा घ्या."

"तोही त्यांचा त्यांनीच द्यायचा. सही वाकडीतिकडी आली तरी चालेल, पण त्यांची हवी."

वडील पलंगावर उशांना टेकून बसले होते. दाढी गुळगुळीत केलेली, केस पाणी लावून विंचरलेले, कमरेपासून खाली पांढरी स्वच्छ चादर. सून त्यांच्या सदऱ्याची वरची गुंडी लावत होती. आजाऱ्याच्या घरी सहीला गेलं की कोंदट अंथरुणाचा वास येतो, याची नोटरीबाईंना सवय होती. इथे खिडकी उघडी होती आणि साबणाचा वास येत होता. त्यांना बरं वाटलं.

कागद मुखत्यारपत्राचा होता. त्यावर सही झाली की वडिलांच्या वतीने मुलाला हे घर विकता येणार होतं.

"तुम्ही दोघं आता जरा बाहेर थांबा. मला यांच्याशी एकट्यांशी बोलावं लागतं."

"मी काय परका आहे?"

"परके नाही, म्हणूनच."

मुलगा हसला. "बाबा, मॅडम परीक्षा घेणार आहेत बरं का. नापास होऊ नका."

सुनेने चादरीची कड गादीखाली नीट खोचली आणि दोघं बाहेर गेले.

नोटरीबाईंनी खुर्ची पुढे ओढून कागद समजावून सांगितला. "म्हणजे काका, उद्या तुम्हाला न विचारता घर विकलं जाऊ शकतं. कळतंय ना?"

"कळतंय."

"राजीखुशीने सही करताय?"

"हो. आणा तो कागद, बाई."

त्यांनी घाईने हात पुढे केला. पण पुढे वाकता येईना. पेन निसटलं, घरंगळत पायथ्याशी गेलं. ते उचलायला नोटरीबाई वाकल्या, आणि खोचलेली चादर त्यांच्या हाताबरोबर सुटून वर आली.

दोन्ही घोटे पलंगाच्या दांडीला बांधलेले होते. मऊ सुती कापडाच्या पट्ट्यांनी. पट्टी कातडीला काचू नये म्हणून खाली कापूस घातला होता. कापूस ताजा होता. रोज बदलत असणार.

नोटरीबाई चादर धरून तशाच उभ्या राहिल्या. "हे कशाला?"

"मी पडतो ना, म्हणून." मग थोडं थांबून ते म्हणाले, "सही झाली की सोडणार आहेत."

त्यात तक्रार नव्हती. दुकान किती वाजता उघडतं ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

आजवर कितीतरी खोल्यांत नोटरीबाईंनी राजीखुशीचा हाच प्रश्न विचारला होता, 'हो' ऐकलं होतं आणि शिक्का मारला होता. चादर कधी उचलली नव्हती.

"काका, ही सही मला घेता येणार नाही."

ते पहिल्यांदाच घाबरले. "का? मी नीट काढीन."

"तसं नाही. माणूस बांधलेला असताना केलेली सही खुशीची, असं मला लिहिता येत नाही. मी नकार देणार."

"आणि मग?"

नोटरीबाईंनी पिशवीकडे पाहिलं. नकार द्यायचा, पिशवी उचलायची आणि निघायचं. शिक्क्याच्या हातात यापलीकडे काही नव्हतं.

"मग तुम्ही जाल," म्हातारे म्हणाले. "मी इथेच राहीन."

दारावर टकटक झाली. "झालं का मॅडम? चहा टाकलाय." सुनेचा आवाज गोड होता.

"वेळ लागेल अजून," नोटरीबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज न करता आतून कडी लावली, खिडकीशी जाऊन पोलिसांना फोन केला, हळू आवाजात पत्ता सांगितला. "हो, मी नोटरी बोलतेय. नाही, सहीचं भांडण नाही. इथे माणूस बांधून ठेवलाय. तुम्ही येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

मग त्या पायथ्याशी खाली बसल्या आणि गाठी सोडवू लागल्या. गाठी घट्ट होत्या, नखं दुखली. बाहेरून दार ढकललं गेलं.

"मॅडम, कडी का लावलीय?" मुलाच्या आवाजात आता हसू नव्हतं. "मॅडम?"

दुसरा पाय सुटला. त्यांनी म्हाताऱ्यांना खांद्याला धरून हळूच वळवलं. तळवे तान्ह्या मुलासारखे मऊ पडले होते. ते हळूहळू खाली गेले आणि जमिनीला टेकले.

दार आता हादरत होतं. म्हाताऱ्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"फरशी गार आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी पाय तसेच ठेवले.