डावा पाय

"मिस्त्री, ही माझी तिसरी खेप," म्हणत गंगावणेकाकांनी किल्ली टेबलावर टाकली आणि स्टुलावर बसकण मारली. गुडघे दुखतात म्हणून मुलानं घेऊन दिलेली ऑटोमॅटिक गाडी. पण हळू चालवली की गिअर बदलताना हिसके द्यायची. तेल बदलून झालं, कॉम्प्युटर लावून झाला. मिस्त्रीच्या हातात ती अगदी गुणी असायची, हिसके फक्त काकांनाच. काल मुलगा म्हणाला होता, "बाबा, विकून टाकू. तुम्ही रिक्षानं जात जा."

बत्तीस वर्षं घाटातून एसटी काढलेल्या माणसाला रिक्षा!

"आज तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो," मिस्त्री म्हणाला.

चौकापर्यंत दोन हिसके बसले. मिस्त्रीचं लक्ष रस्त्याकडे नव्हतंच. तो वाकून काकांच्या पायांकडे बघत होता.

"काका, डावा पाय ब्रेकवर काय करतोय?"

काकांनी खाली पाहिलं. इंजिनाचा आवाज चढला की डावा पाय न सांगता क्लच शोधत होता, आणि क्लच नसल्यामुळे ब्रेकच दाबत होता.

"तो मागे घ्या. या गाडीत त्याला काही काम नाही."

काकांनी पाय सीटखाली ओढून घेतला. गाडी लोण्यासारखी चालली.

"बघा! बिघाड काही नव्हताच," मिस्त्री खूश झाला.

"हं," काका म्हणाले.

घरापर्यंत गाडी आपले गिअर आपणच बदलत राहिली, आणि सीटखाली डावा पाय दर गिअरला थोडासा हलत राहिला.