बोलणारीला तोडायचं नसतं

"सुंदर बोललात, मावशी," परिषदेचे रस्ते-अधिकारी मोलाले म्हणाले आणि त्यांनी मांडीवरची टोपी उचलली. "सगळ्यांच्याच तक्रारी सुंदर होत्या. ऐकून घेतलंय."

सेथुन्या खाली बसली नाही.

खोत्लात, म्हणजे गावाच्या बैठकीत, बोललेला प्रत्येक शब्द सुंदर. मोरुलाच्या झाडाखाली खोसीसमोर उभं राहून कुणीही काहीही बोलावं, गावच्या या प्रमुखालासुद्धा त्याला वाईट म्हणता येत नाही. वाडवडिलांनी हे गरिबासाठी ठरवलं होतं. ते सोयीचं पडलं मोलाले साहेबांना. तीन वर्षं ते प्रत्येक शिवीला सुंदर म्हणत आले होते.

"माझं संपलं नाही," सेथुन्या म्हणाली.

संपलं होतं खरं तर. गल्लीच्या तोंडाशी पावसाने घळ पाडलीय, ती बुजवा. दवाखान्याची गाडी घळ ओलांडून आत येत नाही. माझी लेक लेसेगो पुढच्या महिन्यात बाळंत व्हायचीय, ऐन पावसात. एवढंच घरून घोळवत आली होती ती, आणि तेवढं बोलून झालं होतं. पण ती उचललेली टोपी बघून तिच्या कानशिलात काहीतरी तडकलं. कुणी बोलत असताना खोत्लातून उठायचं नसतं. बोलणारीला तोडायचं नसतं. हेही वाडवडिलांनीच ठरवलेलं.

टोपी परत मांडीवर आली.

"...आणि गाडीचा ड्रायव्हर म्हणतो पेशंटला इकडं आणा, मी घळीत गाडी घालणार नाही, त्याचं तरी काय चुकलं, गाडी मोडली तर पगार त्याचाच कापाल, आणि मागच्या पावसात माझ्या जावेला आम्ही ढकलगाडीत घालून नेली, विटा वाहायची ढकलगाडी, तिच्या पाठीला सिमेंट चिकटलं होतं, आणि ती पोचली साहेब, बाळ नाही पोचलं, आणि त्यानंतरच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात..."

काय म्हणाले ते तिने सांगितलं नाही. बायकांच्या बाजूला एकीने शाल डोक्यावरून ओढून घेतली. ती जाऊ.

"मावशी, मुद्दा कळला," मोलाले म्हणाले. "रस्ता सपाट करायचं यंत्र बंद आहे. त्याचा एक भाग सीमेपलीकडून यायचाय. आला की..."

पुरुषांच्या रांगेत कुरकुर झाली. म्हातारे खोसी सेबेगो डोळे मिटून ऐकत होते. ते मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाले, "साहेब, बाई बोलतेय. मधे तोंड घातलं तर आमच्यात बकरं द्यावं लागतं. आणलंय का?"

"...आणि तो भाग, आमचे आजे सोन्याच्या खाणीवर पायी गेले आणि पायीच परत आले, तेवढ्यात तुमच्या लोखंडाला सीमा नाही ओलांडता येत, त्याला पासपोर्ट देत नाहीत की काय..."

सगळे हसले. मोलालेही हसले, अगदी मनापासून, रुमालाने डोळे पुसत. त्या हसण्याने ती जास्तच पेटली. हसून लोक मोकळे होतात. तिला आज कुणालाच मोकळं सोडायचं नव्हतं.

घसा सुकला म्हणून कुणीतरी पाण्याचा मग पुढे केला. ती प्यायला लागली, तेवढ्यात मोलालेंनी साधून घेतलं. "जानेवारीत. मावशी, शब्द देतो. जानेवारीत नक्की."

"बरं," मग परत देत ती म्हणाली. "पोटातल्याला निरोप देते, जानेवारीपर्यंत थांब म्हणून."

या वेळी कुणी हसलं नाही.

तिने वर पाहिलं. ऑक्टोबरचं आभाळ, पांढरं, रिकामं. कुंपणापलीकडे कूपनलिकेपाशी गुरं उभी होती, त्यांच्या फासळ्या इथून दिसत होत्या.

"आता संपवते," ती म्हणाली. "यंदा पाऊस न पडो."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली, मग काय करावं ते न सुचून परत घातली.

"माझ्या पोरीचं पोर दवाखान्यात पोचेपर्यंत या गावावर एक थेंब न पडो. तुमची गुरं मरतील. मरोत. माझ्याही दोन गाई आहेत, त्याही मरोत. धूळ खाऊ आम्ही. धुळीतून गाडी येते." आवाज मुळीच चढला नव्हता. "संपलं माझं."

ती बसली. शेजारची बाई तिच्यापासून जराशी सरकली, आणि मग तितकीच परत जवळ आली.

खोसींनी डोळे उघडले होते. गावात आजवर असं कुणी बोललं नव्हतं, रागातही नाही, दारूतही नाही. त्यांचे ओठ हलले. पण वाईट म्हणायची सोय नव्हती, आणि सुंदर हा शब्द काही केल्या बाहेर येईना. शेवटी ते मोलालेंकडे वळले.

"साहेब, बैठक मिटवा."

मोलाले लगबगीने उठले. बैठक मिटवायला एकच शब्द लागतो. पुला. पुला म्हणजे पाऊस, पुला म्हणजे बरकत, पुला म्हणजे तुमचं भलं होवो. बोलणारा हात वर करून एकदा म्हणतो, आणि सगळा गाव एका गळ्याने म्हणतो, की बैठक मिटली.

मोलालेंनी हात वर केला.

"पुला!"

कुंपणापलीकडे एक गाय हंबरली. ती ज्याची होती तो रांगेच्या टोकाला बसला होता. त्याने खाली बघितलं, ओठ घट्ट मिटले, आणि साहेबांचा हात तसाच वर राहिला.