बरं कोणाचं?

"तुमचं बरं चाललंय, की शेजाऱ्याचं?" मृण्मयीनं विचारलं. न्यू मेक्सिकोतल्या त्या खेड्यात स्पॅनिश वंशाची घरं जास्त सुखवस्तू, की स्वतःला नुसती अमेरिकन म्हणवणारी, हे तपासायला ती विद्यापीठातून आली होती.

"त्याचंच," स्पॅनिश वंशाच्या एलोइसाबाई म्हणाल्या. "माझं शेत त्यानंच ट्रॅक्टरनं नांगरून दिलं, फुकट." आज पाण्याची पाळी त्यांची होती, तरी फावड्यानं पाट वळवून त्यांनी पाणी आधी शेजाऱ्याच्या मक्याला सोडलं.

कुंपणापलीकडचा त्यांचा शेजारी डेलबर्ट स्वतःला नुसता अमेरिकन म्हणवायचा; त्यालाही मृण्मयीनं तेच विचारलं.

"बाईंचंच की!" तो म्हणाला. "अशा दुष्काळात पाणी वाटायचं, म्हणजे केवढी श्रीमंती!"

बोलता बोलता त्याची नजर बाईंच्या वाफ्यांकडे गेली. मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या होत्या. त्याचा मका अर्धाच भिजला होता. त्यानं फावडं उचललं आणि पाणी माघारी वळवलं.