बसल्या जागी चौकशी

"पोरगी पसंत हाय," मुलाचे वडील रावजींनी चहाची बशी खाली ठेवली. "सोयरीक पक्की समजा, पाव्हणं. सगळी चौकशी झाली. लय स्वच्छ निघाली."

मुलीच्या आईने, मालनबाईंनी, पदर डोळ्यांना लावला. मल्हारी आधी हसले, मग विचारात पडले. "कुणाकडं केली चौकशी? कॉलनीत तर कुणी आल्याचं कानावर नाही."

"कॉलनीला काय विचारायचं? शेजारी एक तर गोड खोटं बोलतो, नाय तर कडू खोटं. आमच्या सुनीलनं थेट कॉम्प्युटरातून केली. सिन्नरला, कारखान्यात, बसल्या जागी. पोरीचं सगळं टपाल वाचलं."

ज्योत्स्नाने मान वर केली. तिचा मेल पंधरवडाभर उघडत नव्हता. नाशिकरोडच्या सायबर कॅफेत बसून तिने पासवर्ड हरतऱ्हेने घालून पाहिला होता आणि आपणच विसरलो म्हणून स्वतःवर चिडली होती. शेवटी मेलच्या कंपनीकडे तक्रार टाकली. उत्तरासाठी पत्ता तोच दिला, कारण दुसरा नव्हता.

"तुझी तक्रार पण बघितली," सुनील म्हणाला. मागच्या वेळी पाहायला आला तेव्हा तो 'तुम्ही' म्हणत होता. "कंपनीचं उत्तर आलंय, तुझ्याच मेलवर. तुमची खासगी माहिती आम्ही जिवापाड जपतो, असं लिहिलंय."

रावजी खदखदून हसले. मल्हारीही हसले, जरा उशिरा.

"तुम्ही माझी पत्रं वाचली?"

"अगं, लपवण्यासारखं होतं काय त्यात?" सुनीलची आई, सिंधुबाई, अगदी मायेने म्हणाल्या. "मैत्रिणीला लिहिलंस ना, मुलगा बराय पण स्वतःबद्दल फार बोलतो. आम्ही पोट धरून हसलो. राग नाही हं आला कुणाला."

ज्योत्स्नाने वडिलांकडे पाहिलं. मल्हारींची सारी नोकरी नोटांच्या प्रेसमध्ये गेली होती. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "प्रेसमधून सुटताना आमची रोज झडती होते. त्यात कमीपणा कसला? झडती दिलेला माणूस ताठ मानेनं घरी येतो."

"तुम्हाला निदान हात वर करा म्हणत असतील, बाबा."

मल्हारी चहा प्यायला लागले. कपात चहा नव्हता.

मग तिने सुनीलला विचारलं, "पुण्याहून काही आलं होतं?"

पुण्याच्या एका कंपनीत ती मुलाखत देऊन आली होती. नोकरी मिळाली तर लग्नाला वर्षभर थांबा म्हणायचं, एवढं तिने मनाशी ठरवलं होतं. बाकी तिच्या हातात ठरवण्यासारखं काही नव्हतं.

"आलं होतं. घेतलं होतं तुला. गेल्या सोमवारपर्यंत कळवा म्हणत होते." सुनीलने पोह्यातला शेंगदाणा वेचून तोंडात टाकला. "मी कळवून टाकलं. लग्न ठरलंय, येणार नाही. तुझ्याच नावानं, चांगल्या इंग्रजीत. उगाच लोकांना ताटकळत कशाला ठेवायचं?"

मालनबाईंनी पोह्यांचं भांडं पुढे केलं. "बरं झालं बाई. तिचा जीव त्यात अडकला होता. सुटला प्रश्न."

"पासवर्ड काय ठेवलाय?" ज्योत्स्नाने विचारलं.

"माझं नाव. नाही तरी तुझ्या नावापुढं तेच लागायचंय."

यावर सगळेच हसले. मल्हारींना मात्र कुलपाबिलपांबद्दल नोकरीपासूनचा आदर होता. "पण जावईबापू, उघडलं कसं तुम्ही?"

"सोप्पंय हो. मेलचा पत्ता मागच्या वेळी फोटो पाठवायला म्हणून घेतलाच होता. पासवर्ड विसरलो म्हटलं की कंपनी एक गुपित प्रश्न विचारते. उत्तर फक्त आपल्यालाच माहीत पाहिजे असा. हिचा प्रश्न, आईचं माहेरचं आडनाव. मागच्या वेळी आमच्या दादांनी मामा कुठले विचारलं, तेव्हा तुम्हीच नाही का सांगितलं? सटाण्याचे खैरनार. टाकलं. लगेच उघडलं. कंपनीनं वर आभार मानले."

अमेरिकेतल्या शहाण्यांना हे गुपित वाटलं होतं. इकडे सोयरिकीला आलेला माणूस पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत तेच विचारतो, आणि जे घर सांगायला अडखळतं तिथे काहीतरी काळंबेरं आहे असं समजून उठून जातो.

"चला," रावजींनी मिशीवरून हात फिरवला. "आता पोरीला काय विचारायचं असंल तर विचारू द्या. नंतर म्हणायला नको, बोलू दिलं नाय."

ही म्हणायची रीत. मुली अशा वेळी नुसती मान हलवतात.

ज्योत्स्नाने खुर्ची वळवली ती सिंधुबाईंकडे. आवाज इतका मऊ काढला की मालनबाईसुद्धा चमकल्या.

"आई, तुमचं माहेर कुठलं हो? माहेरचं आडनाव काय?"

'आई' ऐकूनच सिंधुबाई विरघळल्या. रावजींनी मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हणत्यात वळण! आपल्या सुनीलला नाय सुचलं कधी आजोळाची चौकशी करायला."

"आम्ही गं कळवणचे," सिंधुबाई सावरून बसल्या. "माझ्या वडलांना सगळा तालुका ओळखायचा. आमचं आडनाव..."

"आई, थांब!" सुनील खुर्चीतून अर्धवट उठला होता. "ते सांगायचं नसतं."