सुपातला कोंडा

सुंदरानं निघताना टोपली पदराखाली घेतली आणि आनंदाबाईंच्या डोक्यात पुन्हा तेच चक्र सुरू झालं. आज सोक्षमोक्ष लावायचाच. त्यांनी चपला सरकवल्या, पदर डोक्यावरून ओढला आणि बरंच अंतर ठेवून तिच्या मागे निघाल्या. मालगुजारांच्या घरची बाई भर उन्हात पायी चालली आहे, हे केळझरात कुणी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. आनंदाबाईंना त्याची फिकीर नव्हती.

मालगुजारी गेली होती, पण त्यांच्या घरचा पांढरा भात गेला नव्हता. भंडाऱ्याकडचा धान यायचा आणि सालदार जंगूची बायको सुंदरा तो उखळात कांडायची. दुसऱ्यांच्या घरी तांदळाला एक सड, म्हणजे कांडणाची एक फेरी, पुरायची. इथे तांदूळ मोगऱ्यासारखा निघेपर्यंत मुसळ थांबायचं नाही. कांडणाची मजुरी म्हणून उरलेला कोंडा आणि कणी सुंदराची. तशी रीतच होती. आनंदाबाई स्वतःच्या हातानं सूप तिच्या टोपलीत ओतायच्या.

यंदा मात्र काहीतरी बिनसलं होतं. त्यांची एकुलती लेक कमला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, बाळंत झाली, आणि तिच्या पाठोपाठ त्याच महिन्यात सुंदराही बाळंत झाली. कमलाला जिवापाड जपलं. बाळंतिणीला जड नको म्हणून डाळ बंद, भाजी बंद. मऊ पांढरा भात आणि वर तुपाची धार. तरी तिचे पाय सुजले. तळव्यांना मुंग्या येत, उठताना धाप लागे. दूध आटत चाललं. बाळाचा आवाजही बसला. ते रडायचं, पण शेजारच्या खोलीत ऐकू येत नसे.

आणि सुंदरा? सव्वा महिना झाला नाही तोच पोराला पाठीशी बांधून मुसळ घेऊन उभी. पोर कसलं, लोण्याचा गोळा! दूध एवढं, की कांडता कांडता तिची चोळी भिजायची. 

वर्ध्याहून एक नर्सबाई येऊन गेल्या होत्या. त्यांनी कमलाच्या पायावर बोट दाबलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. "हे भाताचंच दुखणं आहे," त्या म्हणाल्या. "तांदूळ इतका सडू नका. कोंडा पोटात जाऊ द्या. डाळ द्या, पालेभाजी द्या. उशीर केलात तर दोघंही हातची जातील."

आनंदाबाईंनी त्यांना चहा पाजला आणि त्यांची पाठ वळताच नवऱ्याला, भय्याजींना, ऐकवलं, "कोंडा खा म्हंते! आपल्या घरी माणसं जेवतेत का गुरं?" खादी नेसून लोकांना काटकसर शिकवत फिरणाऱ्या बायांवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. उलट दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कमलाच्या तांदळाला आणखी एक सड वाढवली.

खरं कारण त्यांच्या मते वेगळंच होतं. घरातलं काहीतरी सुंदराकडे जात होतं. टोपलीत वर कोंडा आणि खाली तांदूळ असणार. नाहीतर त्याहून वाईट काही. त्याचं नाव घ्यायलाही आनंदाबाई भीत होत्या. करणी केल्याशिवाय एकीचं दूध आटून दुसरीचं वाढतं का?

सुंदरा झोपडीत शिरली. तिनं टोपली टेकवली, पोर सोडून पदराखाली घेतलं, तोच दारात सावली पडली.

"बाई, तुम्ही? इकडं?"

 आनंदाबाईंनी सरळ टोपलीत हात घातला, पार कोपरापर्यंत. आत कोंडाच होता, तळापर्यंत कोंडा. बाजूच्या फडक्यात मूठभर कणी. त्यांनी चुलीवरचं झाकण उचललं. आंबाडीच्या भाजीत शिजवलेल्या कण्या. तव्यावर कोंडा कालवून केलेली काळपट भाकर. त्यांनी कोपरे पाहिले, शिंकं पाहिलं, मडकी पाहिली. लिंबू नव्हतं, बाहुली नव्हती. तांदळाचा दाणा नव्हता.

"काय पाहून राह्यल्या बाई?" सुंदरानं विचारलं.

"रोज हेच खाता का तुम्ही?"

"दुसरं काय हाये? तुमच्या घरूनच तं भेटते."

पदराखाली पोर चुटुचुटु पीत होतं. मधेच त्यानं तोंड सोडलं. ओठाच्या कडेनं दूध ओघळलं. मग ते भूक नसताना उगाच रडलं, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं.  आनंदाबाई तिथंच सारवलेल्या जमिनीवर बसल्या. नर्सबाईंचे शब्द त्यांना आता नीट ऐकू आले. घरातलं जायचं ते गेलंच होतं. रोज गेलं होतं, सुपानं गेलं होतं, आणि ते सूप दुसऱ्या कुणी धरलं नव्हतं.

त्यांनी टोपलीला हात लावला. मग चाचरत म्हणाल्या, "सुंदरा, यातला थोडा कोंडा मले देजो."

सुंदरानं टोपली चटकन आपल्याकडे ओढली. संध्याकाळच्या भाकरी त्यातच होत्या. आधी चोरासारखी झडती घेतली आणि आता दिलेली मजुरी परत मागते ही बाई! आता संशय तिच्या डोळ्यांत होता.

"काऊन?" तिनं विचारलं. "तुमच्या म्हशीले कमी पडला का?"

आनंदाबाईंनी डोक्यावरचा पदर काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे पसरला.

"म्हशीले नाई वं," त्या म्हणाल्या, "कमलेले."