गाईमार्फत

जनावर जखडून उभं करायच्या खोड्याच्या तोंडाशी येऊन गाय जी अडली, ती हलेना. धाकटा भाऊ मागून ढकलत होता, त्याची बायको पुढून दावं ओढत होती आणि जनावरांचा डॉक्टर खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून उभा होता. थोरला भाऊ आपल्या पायरीवर बसून दुसरीकडे बघत होता. तिकडे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

वाटणीत गाय धाकट्याकडे गेली आणि खोडा थोरल्याच्या अंगणात राहिला. भांड्यांवरून, खाटांवरून, एवढंच काय, शिडीवरूनसुद्धा दोघांनी वाद घातला होता. पण जमिनीत पुरलेले हे खांब कुणाच्या ध्यानातच आले नाहीत. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

गाय माजावर होती. सकाळी मागचे पाय बांधूनही तिने बादली लाथाडली होती. याआधी दोनदा तिला गोठ्यातच भरवून पाहिलं. दोन्ही वेळा तिने अशी उसळी घेतली की डॉक्टर भिंतीला चिकटला आणि सगळं फुकट गेलं. दूध आटत आलं होतं. या खेपेला गाभण राहिली नाही तर विकून टाकायची, असं धाकट्याने घरात मोठ्या आवाजात सांगितलं होतं. दोन घरांमधली भिंत काही फार जाड नव्हती.

"वीर्याची कांडी गरम पाण्यात टाकलीय," डॉक्टर म्हणाला. "ती आता आपल्यासाठी थांबायची नाही."

थोरला उठला आणि सरळ गाईपाशी आला.

"काय गं, तुझ्या मालकाला एवढंही कळत नाही? मागून ढकललं की तू मागेच येतेस."

धाकट्याचे कान लाल झाले. त्याने गाईच्या पाठीवर थाप मारली. "सांग त्यांना, ज्यांना कळतं त्यांनी घालून दाखवावं आत."

थोरल्याने दावं हातात घेतलं, ढिलं सोडलं आणि स्वतःच खोड्यातून चालत पलीकडे गेला. वासरू असल्यापासून ती त्याच्या मागे अशीच चालत आली होती. आजही गेली. त्याने पुढचा दांडा लावला. धाकट्याने मागचा सरकवला.

"मालकाला सांग, दांडा अजून खाली घे म्हणावं."

"सांग, दिसतंय म्हणावं."

"आणि मी कुणाशी बोलायचं?" डॉक्टर म्हणाला. "की मीही गाईलाच निरोप देऊ?"

धाकट्याची बायको तोंड फिरवून हसली. भाऊ हसले नाहीत.

डॉक्टरचा हात आत गेला तशी गाय सगळा भार टाकून मागे सरली. दांडा सरकला आणि त्याच्या व खांबाच्या मध्ये धाकट्याची बोटं सापडली. तो ओरडला नाही. ओरडला असता तर गाय उसळली असती आणि पुन्हा सगळं मुसळ केरात गेलं असतं. त्याने दात आवळून धरले. डॉक्टरचं सगळं लक्ष हाताकडे होतं, बायको पुढे उभी होती. गाईच्या पाठीवरून त्याचा पांढराफटक चेहरा दिसला तो फक्त थोरल्याला.

त्याने दावं ओढलं नाही. गाईच्या गळ्याखाली खाजवत तो तिच्या कानाशी वाकला.

"पुढे ये, बाई. एकच पाऊल. त्याची बोटं अडकलीत गं तिथं. लागतंय त्याला. ये."

मघाचा टोमणा त्या आवाजात कुठेच नव्हता. गाय कान हलवत तशीच उभी राहिली. मग एक पाऊल पुढे आली.

"झालं!" डॉक्टरने हात बाहेर काढून हातमोजा उलटा केला. "मस्त उभी राहिली. आज हिला पळवू नका, मारू नका. पुन्हा माजावर आली नाही तर फळली समजा." तो हात धुवायला गेला. पुढचा दांडा काढताच धाकट्याची बायको गाईला घेऊन आपल्या अंगणाकडे निघाली.

रिकाम्या खोड्याच्या दोन टोकांना दोघे भाऊ उरले. धाकट्याने हात पाठीमागे धरला होता. काही बोलायचं तर आता निरोप न्यायला मध्ये कुणी नव्हतं. थोरल्याने घसा खाकरला, पायरीकडे एकदा बघून घेतलं, पण गेला नाही.

"बोटं हलवून दाखव," तो म्हणाला.

धाकट्याने हात पुढे केला. सुजलेली बोटं एकेक करून हलली.

"अंगठा?"

"अंगठ्याला काही झालेलं नाही, दादा," धाकटा म्हणाला, आणि तोही त्याने हलवून दाखवला.