धुरी शिकलेला पंखा

बाळाची धुरी म्हणजे आग समजून खोलीतला बोलका स्मार्ट एक्झॉस्ट पंखा रोज बोंब मारायचा. शेवटी मृण्मयीने त्याला शिकवलं, की अंघोळीनंतरचा धूर म्हणजे धुरी.

आज कंपनीचा निरोप आला. धुरी शिकलेले पंखे आग ओळखत नाहीत. बंद करा, परत पाठवा.

"आणखी शिकव शहाण्याला!" बाळाला पुसता पुसता सासूबाई हसल्या.

तेवढ्यात पंखा मायेने म्हणाला, "धुरी छान चाललीय. घाबरू नका."

"आई, धुरीची शेगडी पेटवलीत?"

"नाही गं, अजून कुठे?"

पंख्याच्याच जाळीतून धुराची बारीक रेघ निघत होती. मृण्मयीने बाळाला उचललं, सासूबाईंना बाहेर काढलं आणि मेन स्विच बंद केला.

"स्वतः जळतोय आणि म्हणे धुरी!" सासूबाई म्हणाल्या.

"मीच शिकवलं होतं ना, आई."